हॉल किती मोठा हवा?

● किमान माप : राष्ट्रीय इमारत संहितेनुसार एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौ. मीटर (सुमारे १०२ चौ. फूट), रुंदी २.४ मीटर.

● सोफा : तिघांचा सोफा साधारण ७ फूट लांब, ३ फूट खोल. टीपॉय त्यापासून दीड फुटावर.

● वाट : ये-जा करायला ३ फूट मोकळे ठेवा. दारे शक्यतो एकाच कडेला घ्या. समोरासमोरच्या दारांमुळे बैठक मधोमध तुटते.

● अंदाज : १०×१२ फुटांत चौघांची बैठक बसते; जेवणाचे टेबलही हवे असेल, तर १२×१६ बरे.

● पायाआधी : प्लॉटवर फक्की टाकून हॉल आखा, खुर्च्या मांडून पाहा. नकाशातले माप भिंतीच्या आतले की बाहेरचे, तेही विचारा.