बुलढाण्याहून आलेला एक प्रश्न

विधवा आणि विधुर हे शब्द आपल्या भाषेंत शेजारीं शेजारीं नांदतात. वियोगाचें दुःख दोहोंचें सारखेंच. परंतु विधुरास वर्षाच्या आंत दुसरें लग्न मोकळें असे, आणि विधवेच्या वाट्यास केशवपन, आलवण, एकभुक्त व मंगलकार्यांत मागील दार येई. हा अन्याय रोजचा असल्यामुळें फारसा कोणास तो अन्याय वाटत नसे.

इ. स. १८८१ मध्यें सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या तरुण ब्राह्मण विधवेस नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फांशीची शिक्षा झाली. अपिलांत तिच्याऐवजीं काळें पाणी ठरलें. त्या निमित्तानें वृत्तपत्रांतून साऱ्या स्त्रीजातीवर दोषारोप होऊं लागले. त्यांस सडेतोड उत्तर आलें तें वऱ्हाडांतील बुलढाण्याहून. तेथील सरकारी कचेरींत हेडक्लार्क असलेले बापूजी हरि शिंदे ह्यांची कन्या ताराबाई ह्यांनीं १८८२ सालीं ‘स्त्रीपुरुषतुलना’ हें पुस्तक पुण्यास छापवून प्रसिद्ध केलें. जे दुर्गुण स्त्रियांच्या माथीं मारले जातात ते पुरुषांत नाहींत काय, हा त्यांचा प्रश्न. स्वतः मराठा कुळांतील असून त्यांनीं एका परप्रांतीय ब्राह्मण विधवेची बाजू घेतली, हें आपण विसरूं नये.

पुस्तकावर टीका झाली. जोतीराव फुले ह्यांनीं १८८५ मध्यें ‘सत्सारां’त ताराबाईंचा पक्ष घेतला, पण त्यांचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. १९७५ मध्यें स. गं. मालशे ह्यांनीं तें पुनः प्रकाशांत आणीपर्यंत त्याचें फारसें कोणास स्मरणही नव्हतें.

विचार करण्याजोगी गोष्ट ही कीं, विजयालक्ष्मीच्या पुनर्विवाहास कायद्याची आडकाठी नव्हती. ईश्वरचंद्र विद्यासागरांनीं पराशरस्मृतीचा आधार दाखवून दिला होता आणि १८५६ मध्यें विधवाविवाहाचा कायदाही झाला होता. शास्त्राचा आधार होता, कायद्याचा होता. घराचा तेवढा नव्हता.

तो आज तरी पुरता मिळाला आहे काय? केशवपन गेलें, आलवण गेलें. तरीही कोल्हापूर जिल्ह्यांतील हेरवाड ग्रामपंचायतीस २०२२ मध्यें कुंकू पुसणें, बांगड्या फोडणें ह्या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, आणि तोच कित्ता इतर गांवांनीं गिरवावा असें राज्यशासनानें सुचविलें. सुशिक्षितांच्या घरीं बांगड्या फोडल्या जात नसतील. पण नातवाच्या मुंजींत आजी आपणहून कोपऱ्यांत बसते, आणि लेकीची ओटी भरावयास आईऐवजीं शेजारीण बोलावली जाते. तेथें कोणाचा ठराव पोहोंचत नाहीं. तेथें घरांतील वडील माणसानेंच पुढें होऊन म्हटलें पाहिजे, “वहिनी, पहिली ओटी तुम्हीच भरा.”