मांजराचे वावडे आणि दम्याची लस

मांजराच्या केसांनी दमा होतो, असा समज आपल्याकडे सर्रास आढळतो. वास्तविक केस बिचारे बरेचसे निर्दोष आहेत. खरा उपद्रव आहे तो मांजराच्या लाळेत व त्वचेतील तैलग्रंथींत तयार होणाऱ्या एका प्रथिनाचा. शास्त्रज्ञ त्याला ‘फेल डी १’ म्हणतात. मांजर अंग चाटते, लाळ वाळते, आणि तिचे अतिसूक्ष्म कण तासन् तास हवेत तरंगत राहतात. मांजर दुसऱ्याला देऊन टाकले, तरी गाद्यागिरद्यांतून ते महिनोन् महिने हटत नाहीत. ज्याच्या शरीरात या प्रथिनाविरुद्ध ‘आयजीई’ जातीची प्रतिद्रव्ये तयार झालेली असतात, त्याच्या श्वासनलिका या कणांच्या स्पर्शाने सुजतात, आकसतात.

मग ज्याचे वावडे तेच टोचावयाचे, हा उफराटा विचार आला कोठून? लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी १९११ साली गवताच्या परागांचा अर्क टोचण्याचे आपले प्रयोग प्रसिद्ध केले. परागांत विष असते व लसीमुळे शरीरात प्रतिविष निर्माण होते, अशी त्यांची समजूत होती. ती समजूत टिकली नाही. उपचार मात्र टिकला. मांजराच्या अर्काचीही रीत तीच. प्रथम अत्यल्प मात्रा, मग साधारण आठवड्याला वाढती, पुढे महिन्याला एक, अशी तीन ते पाच वर्षे. हळूहळू ‘आयजीजी ४’ नावाची दुसरी प्रतिद्रव्ये वाढतात व प्रथिनाला वाटेतच गाठतात. शरीराचा भडकपणा आवरणाऱ्या पेशीही बळावतात.

परंतु येथे जपून पाऊल टाकले पाहिजे. १९८६ साली ब्रिटनमध्ये अशा लशींनंतर झालेल्या २६ मृत्यूंची नोंद पुढे आली, आणि त्यांतील बऱ्याच जणांना दमा होता. म्हणजे ज्याला उपचाराची निकड अधिक, त्यालाच धोका अधिक! म्हणून दमा काबूत नसेल तर लस टोचीत नाहीत, आणि टोचल्यावर रोग्याला किमान अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतात. ‘मला घाई आहे’ म्हणणाऱ्याने या वाटेस जाऊच नये, असे आम्हांस वाटते.

गुणाचे म्हणाल, तर नाकाडोळ्यांचा त्रास पुष्कळांचा कमी होतो. दम्याविषयी मात्र घरधुळीतील किड्यांच्या लशीबद्दल जेवढा पुरावा आहे, तेवढा मांजराच्या लशीबद्दल नाही. तेव्हा लस सुरू झाली म्हणून नेहमीचा फवारा आपण होऊन बंद करू नये, आणि मांजराला निजण्याच्या खोलीत घेऊ नये.