चौसष्ट चौकोनांतलं अक्षर



प्रश्नमंजुषेच्या स्लाइडला जुन्या व्हिडिओ गेमसारखी अक्षरं हवी असली, की गूगल फॉन्ट्सवरचा 'प्रेस स्टार्ट २पी' हा फॉन्ट हाताशी असतो. तो मोफत आहे, छपाईलाही चालतो. पण तो असा ठोकळेबाज का, हे समजलं की कुठे वापरावा आणि कुठे टाळावा हेही कळतं.

कोडमॅन३८ या नावाने काम करणाऱ्या डिझायनरने तो १९८० च्या दशकातल्या नामको कंपनीच्या गेममधल्या अक्षरांवरून बनवला. ('पॅक-मॅन' याच कंपनीचा.) तेव्हा यंत्रांची मेमरी फार थोडी. म्हणून प्रत्येक अक्षराला ८ आडव्या, ८ उभ्या अशा चौकोनांची जाळी मिळे. भरलेला चौकोन म्हणजे १, रिकामा म्हणजे ०. इंग्रजी एचची पहिली ओळ ११०००११०, मधली आडवी दांडी १११११११०. एका ओळीचे ८ बिट म्हणजे १ बाइट; अख्खं अक्षर ८ बाइटमध्ये! द्विमान पद्धत शिकवायला याहून सोपं उदाहरण मला तरी माहीत नाही. शेवटचा चौकोन रिकामा ठेवतात, म्हणजे शेजारची अक्षरं चिकटत नाहीत.

इथे आय आणि एम सारखीच जागा अडवतात. गुणफलकाला हे उत्तम : ९ चा १० झाला तरी रकाने हलत नाहीत. मात्र अक्षर उंचीइतकंच रुंद असल्याने १६ पिक्सेल आकारात २० अक्षरांनाच ३२० पिक्सेल लागतात. त्यामुळे शीर्षक, गुण, 'स्टार्ट'सारखं बटण एवढ्यापुरताच तो ठेवा. वाचनाचा उतारा किंवा सराव-पत्रिका यात मुळीच नको. नुकतं इंग्रजी वाचू लागलेलं मूल शब्द ओळखायचं सोडून चौकोनच जुळवत बसतं. आणि आकार ८, १६, २४ असा आठाच्या पटीतच घ्या, नाहीतर पडद्यावर कडा धूसर होतात.

आता मराठीचं काय? या फॉन्टमध्ये देवनागरी नाही. मराठी टाइप केलं की संगणक गुपचूप दुसरा फॉन्ट लावतो, अगदी १, २, ३ या अंकांनासुद्धा. आणि आठ ओळींत देवनागरी बसवणं अवघडच आहे हो. वरच्या मात्रेला दोन, शिरोरेषेला एक, खालच्या उकाराला दोन ओळी धरल्या, तर अक्षराच्या अंगाला उरतात तीन! शिवाय शिरोरेषा सलग हवी, म्हणजे बाजूचा रिकामा चौकोनही भरावा लागतो. आणि 'राष्ट्र'मधला 'ष्ट्र' 'र'एवढ्याच जागेत कोंबायचा कसा?

चौकटीच्या वहीत मुलांना आधी एच काढू द्या, मग 'की' आणि 'कू'. किती ओळी वाढवाव्या लागल्या, ते त्यांनाच मोजू द्या. पाचवीपासून पुढे हा उपक्रम एका तासिकेत सहज होतो.