राखणदाराचा सातबारा

इंद्रायणी हे नाव आता नदीपेक्षा तांदळाच्या पोत्यावर जास्त वाचायला मिळतं. तो वाण वडगाव मावळच्या केंद्रातून १९८७ साली आला. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, देहूच्या शेजारी तळवडे. तिथल्या रानात आता शेड, गोदामं आणि आयटी पार्क. १९९७ साली गाव पिंपरी-चिंचवड महापालिकेत आलं आणि आयकराच्या लेखी इथली शेतजमीन ‘भांडवली मालमत्ता’ ठरली. विकली की नफ्यावर कर.

कर वाचवायची वाट १९६१ च्या आयकर कायद्यातच होती. कलम ५४-ब : दोन वर्षं कसलेली जमीन विका, दोन वर्षांत दुसरी शेतजमीन घ्या, सूट मिळवा. इथं गुंठ्यानं विकायची, लांब कुठंतरी एकरानं घ्यायची. शेतकरी टिकतो, शेत सरकतं.

आणि न विकणाऱ्याला? अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये चार्ल्स एलियटच्या पुढाकारानं १८९१ साली जमिनी राखणारा न्यास उभा राहिला. पुढे तिथल्या करकायद्यात सोय झाली : जमीन मालकाकडेच, बांधकामाचा हक्क मात्र त्यानं कायमचा सोडायचा, किंमत जितकी घटली तितकी देणगी धरायची. (किमती फुगवून कर बुडवणारेही तिथं निघालेच.)

आपल्याकडे आयकरातली सूट पैशाच्या देणगीला, जमिनीच्या दानाला नाही. त्यात कूळकायद्याचं कलम ६३ : जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगरशेतकऱ्याला शेतजमीन विकता येत नाही, दानही देता येत नाही. न्यास बिगरशेतकरीच. मात्र त्याच कायद्याच्या ६३-१अ नं औद्योगिक विभागातली जमीन कारखान्यासाठी मोकळी केली. राखणारा परवानगीच्या रांगेत, बांधणारा आत.

मग उरतं आरक्षण. पुण्याच्या टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानासाठी २०१५ साली ठरलेला मोबदला आठ टक्के टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरायचा बांधकामाचा हक्क. जमीनमालक तो घेऊन खूश होतील, ही अपेक्षाच भाबडी होती. तळवड्यातही महापालिकेनं असं उद्यान आखलं, पण गायरानावर. खासगी बांधाला त्याचा काय उपयोग?

खासगी मालकाशी बोलायची रीत सापडते ती संगमेश्वरात. कोकणातलं जंगल बरंचसं खासगी. अडचण आली की मालक ठेकेदाराला तोड देतो. पुण्यात १९९४ साली सुरू झालेली ‘अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन’, डॉ. अर्चना गोडबोलेंची संस्था, त्या मालकांशी संवर्धन-करार करते : ठरलेल्या मुदतीत कुऱ्हाड लावायची नाही, त्याबद्दल मोबदला. जोडीला बेहड्याची फळं ‘फेअरवाइल्ड’ प्रमाणपत्रानं विकली जातात. ज्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश अंडी घालतो, तो बेहडा मग तोडण्यापेक्षा उभा परवडतो. मला ही रीत आरक्षणापेक्षा शहाणी वाटते, कारण तिच्यात मालकाची सही असते.

पण सहीच. १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यात दुसऱ्याच्या जमिनीवर काही करायला मनाई करण्याचा हक्क मिळतो तो शेजारच्या जमिनीच्या मालकाला. संस्थेचं शेजारी रान नसेल, तर करार सही करणाऱ्यापुरता. जमीन विकली गेली, की नव्या मालकाच्या सातबाऱ्यावर त्याचा मागमूस नसतो.