एक फॉर्म, तीन पेशंट

आजच्या भागाचं हे लेखी रूप, माझं "म्हणजे बघा" गाळून. प्रश्न असा: जुळ्यांच्या बाळंतपणात चूक होता होता राहिली, तर ती लिहायची कुठे?

आधी जागा डोळ्यांसमोर आणा. वेल्हे-केळद रस्त्यावरचं पासली. इथे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे, पण अवघड केस असली की डोंगरातल्या रस्त्यानं वेल्हे, मग नसरापूर, मग पुणे. त्यात जुलैचा पाऊस. म्हणून पोटात जुळं आहे हे लवकर कळायला हवं. ११ ते १४ आठवड्यांतल्या सोनोग्राफीत दोघांची वार एक की वेगळी हेही नीट दिसतं. वार एकच असेल तर एका बाळाचं रक्त दुसऱ्याकडे जास्त जाऊ शकतं, त्यामुळे तपासण्या वाढतात.

आता बाळंतपणाची खोली. बाळ जन्मल्यावर रक्तस्राव रोखायला आईला मिनिटभरात १० युनिट ऑक्सिटोसिन देतात. पण त्याआधी पोट चाचपून आत दुसरं बाळ नाही ना, हे बघायचं असतं. जुळं आधी कळलेलं नाही आणि ही पायरी घाईत सुटली, तर गर्भाशय जोरात आवळतं आणि आतल्या बाळाचा जीव धोक्यात येतो.

समजा, सिस्टरनी इंजेक्शन भरलं. तेवढ्यात आशाताई म्हणाल्या, "अहो सिस्टर, पोट अजून मोठंच दिसतंय की!" इंजेक्शन बाजूला ठेवलं, दुसरं बाळ आलं, तिघंही सुखरूप. घरी पेढे. नोंद? "जुळे, नॉर्मल." झालं!

माता दगावली तर चौकशी होते. त्यासाठी केंद्र सरकारच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचना आहेत, आणि दोष कुणावर ढकलायचा नाही हे त्यातलं तत्त्व मला फार पटतं. मरता मरता वाचलेल्या मातांचा आढावा घ्यायची पद्धतही आहे. पण आपल्या गोष्टीत कुणाला काहीच झालं नाही, म्हणून ती कशातच बसत नाही. इंग्लंडमध्ये २००३ पासून अशा इजा न झालेल्या घटनाही राष्ट्रीय पातळीवर गोळा होऊ लागल्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले सर्व्हर पडता पडता वाचला तरी पानभर लिहितो, इथे तर जीव आहेत.

आणि फॉर्म कसा असावा? माझ्यातला इंजिनिअर इथे जागा होतो. साधा फॉर्म एक घटना, एक पेशंट असं धरून चालतो. जुळ्यांत पेशंट तीन. सोनोग्राफीतलं "बाळ १" आधी जन्मेलच असं नाही, मग वजन, रक्ताचा नमुना, औषध यांची अदलाबदल होऊ शकते. त्यामुळे सोनोग्राफीतच डावं-उजवं, वरचं-खालचं लिहून ठेवायचं, आणि घटना कुणाबाबत घडली, आई की कुठलं बाळ, याला वेगळा रकाना. कुणाच्या हातून घडली, हा रकाना मात्र मी ठेवणार नाही. तो ठेवला तर वही कोरी राहील.

ॲप नको, रेंजचा भरवसा नाही. शंभर पानी वही पुरे. आणि ती उघडायला दिवसही ठरलेलाच आहे: दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची गरोदर मातांची तपासणी असते. डॉक्टर, सिस्टर, आशाताई एकत्र भेटतात. तपासणी संपल्यावर चहा येईपर्यंत दहा मिनिटं.