पक्ष सोडण्याचे कारण

पक्षांतर करणाऱ्या लोकप्रतिनिधीला कारण विचारले, तर 'मतदारसंघाचा विकास' आणि 'कार्यकर्त्यांचा आग्रह' ही दोन उत्तरे ठरलेली असतात. चक्रवर्ती राजगोपालाचारी यांनी १९५९ मध्ये, वयाची ऐंशी वर्षे उलटल्यावर, ज्या काँग्रेसमध्ये उमेद घालवली तिच्याविरुद्धच नवा पक्ष उभा केला. त्यांचे उत्तर मात्र सविस्तर होते आणि ते सोयीचेही नव्हते.

निमित्त नागपूरचे होते. जानेवारी १९५९ मधील नागपूर काँग्रेसने संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. जमीन शेतकऱ्याच्या हातून निसटेल आणि तिच्यामागोमाग त्याचे स्वातंत्र्यही जाईल, असा राजाजींचा आक्षेप होता. उद्योग-व्यापारावरील सरकारी बंधनांना त्यांनी 'परमिट-लायसन्स राज' हे नाव दिले. जूनमध्ये मद्रास येथे स्वतंत्र पक्षाची घोषणा झाली आणि ऑगस्टमध्ये मुंबईत त्याचे अधिवेशन भरले.

'कॉन्झर्व्हेटिव्ह' या शब्दाला मराठीत 'पुराणमतवादी' हा प्रतिशब्द रूढ आहे. त्यात हेटाळणीच अधिक. राजाजींना त्या भूमिकेचा संकोच नव्हता. कुटुंब, धर्म आणि परंपरा यांतून येणारा संयम सुटला की त्याची जागा सरकारी हुकूम घेतो, अशी त्यांची धारणा होती. सत्तारूढ पक्ष डावीकडे झुकला असताना संसदेला आणखी डाव्या पक्षाची नव्हे, तर सत्तेला आवर घालणाऱ्या समर्थ उजव्या पक्षाची गरज आहे, हे त्यांनी पक्षस्थापनेच्या आधीपासून मांडले होते.

या परंपरावादाचे मोजमाप सोपे नाही. १९३७ ते १९३९ या काळात मद्रासचे प्रमुखपद भूषविताना हरिजनांच्या मंदिरप्रवेशाला कायद्याचे बळ त्यांनीच दिले. स्वतःच्या कन्येचा देवदास गांधी यांच्याशी आंतरजातीय विवाहही १९३३ मध्ये त्यांच्या संमतीने झाला. पण १९५३ मध्ये त्यांनीच शाळेचे तास घटवून उरलेला वेळ मुलांनी घरच्या व्यवसायात घालवावा, अशी योजना आणली. विरोधकांनी तिला 'कुलकल्वी', म्हणजे कुळाच्या धंद्याचे शिक्षण, असे म्हटले. कुंभाराच्या मुलाने कुंभारच राहावे काय, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर नव्हते. १९५४ मध्ये त्यांना मुख्यमंत्रिपद सोडावे लागले. परंपरा जपताना तिच्यातील विषमताही जपली जाते. परंपरावादाची खरी कसोटी तेथे लागते.

स्वतंत्र पक्षात शेतकरी नेते एन. जी. रंगा होते, एकेकाळचे समाजवादी मिनू मसानी होते आणि जयपूरच्या गायत्रीदेवीही होत्या. मूलभूत तत्त्वांपलीकडील प्रश्नांवर सदस्यांना मतस्वातंत्र्य होते. १९६२ मध्ये लोकसभेच्या १८ जागा मिळवणारा हा पक्ष १९६७ मध्ये ४४ जागांसह सर्वांत मोठा विरोधी पक्ष बनला. मात्र त्यातील बरीच मते संस्थानिक आणि जमीनदारांच्या स्थानिक वजनाची होती. विचाराला तळागाळात कार्यकर्ता मिळाला नाही. इंदिरा गांधींच्या 'गरिबी हटाओ'पुढे १९७१ मध्ये ८ जागा उरल्या. १९७२ मध्ये राजाजी निवर्तले आणि १९७४ मध्ये पक्ष भारतीय लोकदलात विलीन झाला.

पुढची गोष्ट कायद्याची आहे. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात घातलेल्या २९ (अ) कलमानुसार, नोंदणी हवी असलेल्या प्रत्येक पक्षाला आपल्या नियमावलीत समाजवाद, धर्मनिरपेक्षता आणि लोकशाही या तत्त्वांवरील निष्ठा नमूद करावी लागते. स्वतंत्र पक्षाच्या महाराष्ट्रातील अनुयायांनी नव्वदच्या दशकात याला मुंबई उच्च न्यायालयात आव्हान दिले. शेतकरी संघटनेचे शरद जोशी यांनी राज्यसभेतील कारकिर्दीत (२००४-२०१०) 'समाजवाद' हा शब्द वगळण्यासाठी खासगी विधेयक मांडले. कलम तसेच राहिले.

परिणामी खुल्या बाजारपेठेचा पुरस्कार करणारे पक्षही कागदोपत्री समाजवादी आहेत. राजाजींची मते पटोत वा न पटोत, ती त्यांनी उघड सांगितली आणि त्यांची किंमतही मोजली. आज तोच पक्ष नोंदवायचा, तर पहिल्याच पानावर त्यांना स्वतःच्या मताविरुद्ध निष्ठा लिहून द्यावी लागेल. निष्ठेचा मजकूर सर्वांचा एकच असेल, तर पक्ष सोडताना वेगळे कारण तरी कोणाला सुचावे?