हिरे चोरणारे आणि डेस्मंड

चोराची गोष्ट ऐकावयास कोणास आवडत नाही? त्यातही चोर हिरे-माणकांचा असला म्हणजे मुले जेवणाची हाकसुद्धा ऐकत नाहीत. ह्याचे कारण उघड आहे. गाय चोरली तर ती हंबरते, धान्य चोरले तर गाडी जुंपावी लागते. परंतु लाखमोलाचा हिरा मुठीत मावतो. तथापि नावाजलेला हिरा उजळ माथ्याने विकता येत नाही. तो ओळखू येऊ नये म्हणून त्याला फोडून नव्याने पैलू पाडावे लागतात, आणि तसे केले की त्याचे मोल उतरते. ज्याच्यासाठी चोराने जीव धोक्यात घातला, ते त्याच्याच हातून नासते!

अशा गुन्हेगारांचा माग काढणाऱ्या नायकांपैकी रिप कर्बी हा एक. अलेक्स रेमंड ह्या अमेरिकन चित्रकाराने ४ मार्च १९४६ रोजी त्याची चित्रकथा वृत्तपत्रांतून सुरू केली. रविवार खेरीजकरून रोज तीन-चार चौकटी, त्याही काळ्यापांढऱ्या. शेवटच्या चौकटीत वाचकाचा जीव टांगणीला लावावयाचा आणि एकच कथा कित्येक आठवडे चालवावयाची, अशी तिची रीत. रिप डोळ्यांना चष्मा लावतो, पाईप ओढतो, बुद्धिबळ खेळतो आणि मुठीपेक्षा बुद्धीवर अधिक भिस्त ठेवतो. सप्टेंबर १९५६ मध्ये रेमंड मोटार-अपघातात मरण पावला. पुढे जॉन प्रेन्टिस ह्याने हे काम चाळीस वर्षांहून अधिक काळ वाहिले, आणि १९९९ साली ती चित्रकथा संपली. टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने १९६४ साली काढलेल्या इंद्रजाल कॉमिक्समधून आपल्या देशातील वाचकांसही रिपची ओळख झाली होती.

परंतु ह्या चित्रकथेतील खरा विचार करावयास लावणारा माणूस रिप नव्हे. तो आहे त्याचा गडी डेस्मंड. अंगाने किरकोळ, डोक्याला टक्कल, वागण्यात अदबशीर असा हा मनुष्य पूर्वी घरफोड्या होता! दुसऱ्यांच्या घरात चोरपावलांनी शिरणारा हा माणूस आता एका घराची राखण करतो. मालकास त्याचा पूर्वेतिहास ठाऊक आहे, आणि तरीही घर त्याच्या स्वाधीन आहे.

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आपल्या गावात एखाद्याने तरुणपणी कोणाचे नारळ उतरविले, तर पुढे वीस वर्षे गावात तांब्या हरवला तरी बोट त्याच्याचकडे वळते. त्याने घाम गाळून घर उभारले तरी लोक कुजबुजतात, "पैसा कोठून आणला असेल?" चोरी सोडणे कठीण खरे, पण चोरी सोडलेल्या माणसास चोर म्हणणे सोडून देणे आपणांस त्याहून कठीण जाते. आणि ज्याच्यावर कोणीच विश्वास टाकीत नाही, त्याने प्रामाणिक राहावे तरी कोणासाठी?

म्हणून मुलांच्या हाती अशी चित्रकथा दिसताच ती हिसकावून घेऊ नये. शेजारी बसून ती वाचावी आणि मुलांना विचारावे, "तुला कोण व्हावेसे वाटते?" बहुतेक मुले रिपचे नाव घेतील, एखादे हिरे पळविणाऱ्याचेही घेईल. त्यावर रागावू नये. मग पुढचा प्रश्न विचारावा: "डेस्मंड आपल्या दारी काम मागावयास आला, तर त्यास आपण घरात घेऊ काय?"

ह्या प्रश्नाचे उत्तर मुलांच्या आधी आईबापांनी द्यावयाचे आहे.